"टिक लागत नाही": दर जूनला येणारी तीच तक्रार, आणि दर वेळी निघणारं वेगळं कारण

जून लागला की माझ्या फोनवर एकच वाक्य सुरू होतं, "दादा, टिक लागत नाही." चोपड्यातून, यावलहून, अमळनेरहून, कुणी शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म भरत असतं, कुणी होस्टेलचा, कुणी पतसंस्थेचा, कुणी केळी उत्पादक गटाचा, आणि सगळ्यांचं गाडं शेवटच्या त्या बारक्या चौकोनापाशी अडतं. जुनी माणसं अहिराणीत सांगतात, "भाऊ, टिक लागीच नही ऱ्हायनी." मी इथल्या लोकांसाठी वेबसाइट आणि फॉर्म बनवतो, आणि सुरुवातीला मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, पेज रिफ्रेश करा, दुसरा ब्राउझर घेऊन बघा, नेट चेक करा. ते उत्तर चुकीचं होतं. बहुतेक वेळा नेट चांगलं होतं, फोन चांगला होता, माणूस बरोबर दाबत होता, चूक फॉर्ममध्ये होती, आणि त्यातले काही फॉर्म माझ्याच हातचे होते. मग मी वही घातली, प्रत्येक फोन आला की कुठला फॉर्म, कुठला मोबाइल, नक्की काय झालं ते लिहायला लागलो. तक्रार एकच, पण कारणं सहा-सात निघाली.

फोनवर मी आता सगळ्यात आधी एवढंच विचारतो, बोट कुठे लावताय, चौकोनावर का बाजूच्या अक्षरांवर? अर्धा निकाल इथेच लागतो. अक्षरांवर दाबून काही होत नाही पण चौकोनावर दाबलं की होतं, म्हणजे लेबल, ही बाजूची अक्षरं, चौकोनाला बांधलेलं नाही. चौकोनावर दाबूनही होत नाही, म्हणजे चौकोन एक तर फार बारका आहे नाहीतर नुसता चितारलेला आहे, खरा नाहीच. टिक लागते पण सबमिटचं बटण मेलेलं आहे, ही भानगड वेगळी. आणि टिक लागली, सबमिट झालं, पावती पण आली, पण ऑफिसात प्रिंट काढली तर टिक गायब, ही तिसरीच.

आधी लेबलचं बघू कारण वहीत सगळ्यात जास्त नोंदी त्याच्याच आहेत. ब्राउझर जो साधा चेकबॉक्स देतो तो साधारण १३ पिक्सेलचा असतो. मोबाइलवर पट्टी लावून बघा, दोन मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे बाजरीचा दाणा. आता कापूस वेचून बोटांना चिरा पडलेल्या आहेत, केळीच्या चिकाने हात काळे झालेत, स्क्रीनगार्डला तडा गेलाय, अशा माणसाने त्या बाजरीच्या दाण्यावर नेम धरून बोट टेकवायचं. अडावदकडचे एक काका आमच्या मित्राच्या ई-सेवा केंद्रात बसले होते, मी बाजूलाच होतो, त्यांनी अकरा वेळा दाबलं, मी मोजलं. प्रत्येक वेळी बोट अक्षरांवर पडत होतं, चौकोनाच्या जरासं उजवीकडे, कारण माणूस स्वाभाविकपणे जे वाचतो त्याच्यावरच बोट ठेवतो. बाराव्या वेळी त्यांनी फोन माझ्याकडे दिला. त्या माणसाला साठ-बासष्ट वर्षांचा व्यवहार येतो, सातबारा तोंडपाठ आहे, आणि दोन मिलिमीटरने त्याला अडाणी ठरवलं, हे मला फार लागलं.

इलाज एका ओळीचा आहे. चेकबॉक्सला एक आयडी द्यायचा आणि लेबल टॅगच्या 'फॉर' मध्ये तोच आयडी लिहायचा, नाहीतर सरळ चेकबॉक्सच लेबल टॅगच्या आत ठेवायचा. एवढं केलं की ती पूर्ण ओळ दाबण्याजोगी होते, अक्षरांवर कुठेही बोट ठेवा, टिक लागते. वर लेबलला आजूबाजूने पॅडिंग द्या. वेबसाठीचे जे अॅक्सेसिबिलिटीचे जागतिक नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत दाबायची जागा निदान २४ बाय २४ पिक्सेल असावी असं मधल्या, म्हणजे डबल ए, पातळीला सांगितलंय आणि वरच्या पातळीला ४४. अँड्रॉइडवाले स्वतः ४८ सांगतात. मी ४८ च धरतो, कारण इथे ९० टक्के काय, माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळेच फॉर्म मोबाइलवरून भरले जातात.

लेबल बांधलंय पण चुकीच्या चौकोनाला बांधलंय, हा प्रकार त्याहून वाईट. केळी उत्पादकांच्या एका गटाचा फॉर्म होता, शेतकऱ्याने त्याच्या नावावरचे कुठले गट नंबर त्या हंगामात केळीखाली आहेत ते टिक करायचं. डाटाबेसमधून लूप फिरवून यादी छापली होती आणि लूपमध्ये प्रत्येक चेकबॉक्सला आयडी एकच, "गट", "गट", "गट". एका पेजवर एक आयडी एकदाच यायला पाहिजे, तीनदा आला तर ब्राउझर पहिलाच धरतो. म्हणून शेतकरी तिसऱ्या ओळीवर दाबायचा आणि टिक पहिल्या ओळीला लागायची. ज्याचं लक्ष होतं त्याने फोन केला की टिक लागत नाही. ज्याचं लक्ष नव्हतं, कारण पहिली ओळ स्क्रीनच्या वर सरकून गेलेली होती, त्याचा भलताच गट नंबर गेला. आपल्या भागात एका गटात केळी, दुसऱ्यात कापूस, तिसरा पडीक, हे घरोघरी असतं, मग विचार करा काय गोंधळ होईल. लूपमध्ये आयडीच्या पुढे गट नंबर जोडला की संपलं, पण हे सापडायला मला दोन दिवस लागले कारण मी स्वतः टेस्ट करताना नेहमी माउसने चौकोनावरच क्लिक करायचो. अक्षरांवर क्लिक करून बघायचं डोक्यातच आलं नाही.

आता चितारलेला चौकोन. हे प्रकरण जरा खोलात सांगतो.

डिझायनरला साधा चेकबॉक्स आवडत नाही. त्याला गोल कोपरे पाहिजेत, हिरवा रंग पाहिजे, टिक सरकत यायला पाहिजे. मग काय करतात, खऱ्या चेकबॉक्सला 'डिस्प्ले नन' लावून गायब करतात आणि त्याच्या जागी एक स्पॅन नाहीतर डिव्ह, म्हणजे नुसता कोरा टॅग, रंगवतात. डोळ्यांना छान दिसतं. पण 'डिस्प्ले नन' म्हणजे नुसतं दिसत नाही असं नसतं, ती गोष्ट कीबोर्डच्या वाटेतून आणि स्क्रीन रीडरच्या, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, वाटेतून पण निघून जाते. टॅब दाबत गेलं तर ब्राउझर तिथे थांबतच नाही. जे डिव्हवर नुसता क्लिकचा कोड लावतात त्यांचं तर आणखी अवघड, त्या डिव्हला आपण चेकबॉक्स आहोत हे सांगायला तोंडच नसतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. होस्टेलच्या एका फॉर्मसाठी एक मुलगा केंद्रात आला होता, त्याला दिसत नाही, लॅपटॉप त्याचा स्वतःचा, त्यावर एनव्हीडीए. हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या माणसाने २००६ मध्ये सुरू केला, तो स्वतः अंध आहे. मुलगा इतका भराभर टाइप करत होता की माझे डोळे पुरत नव्हते, नाव, पत्ता, गुण, बँकेचं खातं, सगळं त्याने एकट्याने भरलं. आवाज एवढा जलद ठेवलेला की मला एक शब्द कळेना. शेवटी आलं "वरील माहिती खरी आहे". एनव्हीडीएने ते वाक्य वाचलं आणि पुढे नुसतं "क्लिकेबल" म्हणाला. चेकबॉक्स आहे का, टिक आहे का नाही, काहीच नाही. त्याने एक्सची की दाबली, एनव्हीडीएमध्ये एक्स दाबलं की पुढच्या चेकबॉक्सवर उडी जाते. लॅपटॉप बोलला, "नो नेक्स्ट चेक बॉक्स." त्याने शिफ्ट एक्स दाबून मागे शोधलं, मागे पण नाही. परत एक्स. परत तेच. मग तो शांतपणे मला म्हणाला, "सर, इथे चेकबॉक्सच नाहीये, तुम्हाला दिसतोय का?" मला दिसत होता, निळा, गोल कोपऱ्यांचा. शेवटी माझ्या हाताने टिक लावली. वरचे वीस रकाने त्याने स्वतः भरले आणि "माहिती खरी आहे" ही कबुली मात्र दुसऱ्याने त्याच्या नावावर दिली, याचा अर्थ काय होतो ते ज्याने त्याने बघावं.

यावर इलाज सांगतो, सोप्यापासून. पहिला, खरा चेकबॉक्स ठेवा आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'ॲक्सेंट कलर' द्या, रंग तुमच्या ब्रँडचा होतो आणि बाकी सगळं ब्राउझर सांभाळतो. २०२२ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळ्यांत चालतं. आकार मोठा पाहिजे तर रुंदी-उंची २४ पिक्सेल द्या, त्याने काही बिघडत नाही. क्लायंटला तेवढ्यावर समाधान नसेल तर 'अपिअरन्स नन' लावून त्याच खऱ्या इनपुटला स्टाइल करा. आणि अगदीच वेगळं चित्र काढायचं असेल तर खरा चेकबॉक्स 'ओपॅसिटी झिरो' करून चित्राच्या बरोब्बर वर, त्याच मापाचा पसरून ठेवा. त्याला ऊन्हात वाळत घातल्यासारखं उणे ९९९९ पिक्सेलवर स्क्रीनबाहेर टाकू नका, कारण मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर, वापरणारा माणूस काचेवर बोट फिरवत फिरवत शोधतो, त्याचं बोट चित्रावर येईल पण खाली चेकबॉक्स नसेल तर फोन बोलणारच नाही.

डिव्हलाच रोल चेकबॉक्स देऊन, 'टॅबइंडेक्स' देऊन, 'एरिया चेक्ड' (टिक आहे का नाही हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) दर क्लिकला बदलून, स्पेसबारचा कोड लिहून चालवता येतं, नाही असं नाही. पण मी आतापर्यंत जितके असे बघितले त्यातल्या बहुतेकांत काहीतरी सुटलेलंच होतं. एकात स्पेसबार दाबला की टिक लागायची आणि सोबत पेज पण खाली सरकायचं, कारण स्पेसचं मूळ काम अडवायचं राहून गेलं. एकात टिक दिसायची पण 'एरिया चेक्ड' बदलायचंच नाही, म्हणजे दिसणाऱ्याला टिक आहे आणि ऐकणाऱ्याला नाही. एवढा खटाटोप करून जे मिळवायचं ते ब्राउझर एका टॅगमध्ये देतो, मग घरची विहीर सोडून तापीवर पाणी आणायला कशाला जायचं.

याच प्रकरणाचा धाकटा भाऊ म्हणजे फोकसची कड. टॅब दाबत गेल्यावर ज्या चौकोनावर आपण आहोत त्याच्याभोवती एक रेघ येते, ती बऱ्याच जणांना घाण वाटते म्हणून 'आउटलाइन नन' लिहून उडवतात. ज्याचा हात थरथरतो, ज्याला माउस धरता येत नाही, तो कीबोर्डवर चालतो आणि त्याला आपण कुठे उभे आहोत ते कळायला ती एकच खूण असते. उडवू नका. माउसवाल्याला नको वाटत असेल तर 'फोकस व्हिजिबल' वापरा, ती कड कीबोर्डवाल्यालाच दिसते.

आता आपल्या उन्हाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो आणि माणूस फॉर्म एसीत बसून भरत नाही, तो बँकेच्या बाहेर रांगेत, बस स्टँडच्या पत्र्याखाली, शेताच्या बांधावर भरतो. फोनचा ब्राइटनेस पूर्ण लावला तरी काच पांढरी पडते. अशा वेळी पांढऱ्यावर फिक्कट राखाडी कडेचा चौकोन दिसतच नाही. मला एका बाईंनी सांगितलं की टिक करायला जागाच दिलेली नाही, मी म्हटलं ताई आहे, नीट बघा, त्या म्हणाल्या दादा नाहीये, आणि त्यांचं बरोबर होतं, मी तोच फॉर्म गच्चीवर जाऊन दुपारी एकला उघडला तर मला पण दिसला नाही. त्या कडेचा रंग होता, रंगाच्या कोडमध्ये, सी सहा वेळा, म्हणजे तो सगळीकडे असतो तोच राखाडी, पांढऱ्याशी त्याचं कॉन्ट्रास्ट १.६ ला १ एवढंच भरतं. नियम सांगतो की चौकोनाच्या कडेसारख्या गोष्टीला निदान ३ ला १ पाहिजे, अक्षरांना ४.५ ला १. राखाडीच हवा तर ९४९४९४ ला जेमतेम ३ भरतात, मी त्याहून गडद ७६७६७६ घेतो आणि कड दोन पिक्सेलची करतो. आणि टिक लागली हे नुसत्या रंगावरून सांगू नका, फिकट हिरव्याचा गडद हिरवा झाला एवढ्यावर उन्हात कुणालाच कळत नाही आणि लालाचा हिरवा झाला तर ज्याला लाल-हिरवा ओळखू येत नाही त्याला सावलीत पण कळत नाही. टिकची खूण पाहिजेच. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्टमध्ये एकदा उघडून बघा, काही जण टिक 'बॉक्स शॅडो'ने काढतात, त्या मोडमध्ये शॅडो आणि बॅकग्राउंडचे रंग ब्राउझर काढून टाकतो आणि टिक नाहीशी होते.

"मला नियम व अटी मान्य आहेत". हे वाक्य पूर्णच्या पूर्ण निळी लिंक केलेलं असतं, आणि ते लेबलच्या आत असतं. माणूस अक्षरांवर दाबतो (वर सांगितलंच, सगळे तिथेच दाबतात) आणि टिक लागायच्या ऐवजी वीस पानांची पीडीएफ उघडते. तो घाबरतो, बॅक करतो, फॉर्म कोरा. पतसंस्थेच्या एका फॉर्ममध्ये एका गृहस्थाने हे तीनदा केलं, तिन्ही वेळा आधार नंबरपासून सुरुवात. लिंक लेबलच्या बाहेर काढा, खालच्या ओळीत "नियम व अटी वाचा" असं वेगळं लिहा, नवीन टॅबमध्ये उघडा आणि उघडणार आहे हे तिथेच लिहून टाका. लेबलमध्ये साधी अक्षरं राहू द्या.

सबमिटचं बटण मेलेलं असतं ती तक्रार बहुतेक वेळा अशी: टिक केल्याशिवाय बटण चालूच करायचं नाही असं कुणीतरी ठरवलेलं असतं आणि का चालू नाही हे कुठेही लिहिलेलं नसतं. माणूस बटणावरच दाबत बसतो. स्क्रीन रीडरवाल्याला तर बंद बटण टॅबमध्ये सापडतच नाही, त्याला वाटतं फॉर्मला बटणच नाही. बटण चालू ठेवा, दाबल्यावर सांगा काय राहिलं. चेकबॉक्सला 'रिक्वायर्ड' लिहिलं तर ब्राउझर स्वतःच त्या चौकोनापाशी नेऊन उभं करतो आणि फोन ज्या भाषेत असेल त्या भाषेत सांगतो. फक्त एक लक्षात घ्या, "यातलं किमान एक निवडा" असं असेल तर प्रत्येकाला 'रिक्वायर्ड' लावून चालत नाही, त्याने सगळेच सक्तीचे होतात. एका शाळेच्या फॉर्ममध्ये मुलाला क्रिकेट, कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ, कॅरम सगळंच खेळावं लागत होतं, नाहीतर प्रवेश नाही. किमान एकची तपासणी स्क्रिप्टमध्ये वेगळी लिहावी लागते आणि काय चुकलं त्याचा मेसेज त्या प्रश्नाच्या जवळ द्यावा लागतो, वर लाल पट्टीत "सर्व माहिती भरा" एवढं लिहून भागत नाही.

टिक केली पण ऑफिसात पोचली नाही, याचं उत्तर सर्व्हरवर शोधा. टिक नसलेला चेकबॉक्स सबमिट होताना काहीच पाठवत नाही, 'नाही' असं पाठवत नाही, त्याचं नावच जात नाही. जुनी नोंद सुधारताना हे फार नडतं, माणूस टिक काढतो, सर्व्हरला काहीच येत नाही, सर्व्हर जुनंच ठेवतो. त्याच नावाचं शून्य किमतीचं एक हिडन फील्ड, म्हणजे न दिसणारा रकाना, चेकबॉक्सच्या आधी ठेवलं की पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवरच्या कोडच्या भाषेत, हे सुटतं. व्हॅल्यू लिहायची राहिली तर सगळ्या टिकांचं नुसतं "ऑन" जातं, कशाचं ऑन ते कळत नाही. आणि पीएचपीमध्ये एकाच नावाचे पाच चेकबॉक्स असतील तर नावापुढे चौकोनी कंस हवेतच, नाहीतर पाचपैकी शेवटचा एकच पोचतो. केळीच्या त्याच फॉर्ममध्ये हे पण होतं. फायरफॉक्समध्ये आणखी एक गंमत नव्हे तर त्रास होतो, पेज रिफ्रेश केलं तरी तो जुनी टिक धरून ठेवतो, डाटाबेसमध्ये नाही आणि स्क्रीनवर आहे असं दिसतं, तिथे 'ऑटोकम्प्लीट ऑफ' लिहा.

प्रश्न आणि चौकोन यांची ताटातूट, हे पण वहीत बऱ्याचदा आलंय. टेबलमध्ये डाव्या बाजूला प्रश्न, उजवीकडे चौकोन आणि त्याला लेबल फक्त "होय". डोळ्यांनी बघणाऱ्याला ओळ दिसते. ऐकणाऱ्याला "होय, चेकबॉक्स, होय, चेकबॉक्स, होय, चेकबॉक्स" एवढंच. पूर्ण वाक्य लेबलमध्ये लिहा, "माझ्याकडे जातीचं प्रमाणपत्र आहे". चार-पाच चौकोन एकाच प्रश्नाचे असतील तर ते 'फील्डसेट'मध्ये घाला आणि प्रश्न 'लेजेंड'मध्ये. आणि उलटी वाक्यं टाळा हो, "एसएमएस येऊ नये असे वाटत नसल्यास टिक करा" असं मी खरंच वाचलंय, तीनदा वाचलं तरी टिक करायची का नाही ते ठरेना.

आधीच लावून ठेवलेली टिक, ही तर बेइमानी आहे, मी तसा फॉर्म बनवून देत नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की खरेदीची संमती ग्राहकाने स्वतः काहीतरी करून दिली पाहिजे, आधीच टिक केलेल्या चौकोनातून आपोआप संमती नोंदवायची नाही. युरोपच्या कोर्टाने पण १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात कुकीजच्या बाबतीत हेच सांगितलं. क्लायंट म्हणतात सगळेच करतात, मी त्यांना नियम दाखवतो.

दुसरं एक वाक्य क्लायंटकडून हमखास येतं, "आमच्या साइटवर अंध लोक येतच नाहीत." ते येतात, दारापर्यंत येतात आणि परत जातात, म्हणून दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग मोजले होते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे मी धमकी म्हणून सांगत नाही, पण दोन हजार रुपये जास्त लागतील म्हणून जे टाळतात त्यांना माहीत असलेलं बरं.

मराठी फॉर्मचे दोन त्रास वेगळे सांगावे लागतात. एक, पेजला भाषा मराठी आहे हे सांगायचं राहतं. बहुतेक तयार टेम्प्लेटमध्ये वर भाषा इंग्रजी लिहिलेली असते, आपण अक्षरं मराठी टाकतो आणि ती ओळ तशीच राहते, मग काही स्क्रीन रीडर मराठी वाक्य इंग्रजी आवाजात वाचायला जातात आणि काहीतरी भलतंच ऐकू येतं. तिथे 'एमआर' लिहायचं, दोन अक्षरं. दुसरं, आपल्या अक्षरांना वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या मापाने ओळींमधलं अंतर ठेवलं तर दोन ओळींचं लेबल एकमेकांत घुसतं आणि चौकोन दोन्ही ओळींच्या मधोमध लटकतो, खालच्या पर्यायाचा का वरच्याचा ते कळत नाही. लाइन हाइट १.६ च्या आसपास ठेवा आणि चौकोन पहिल्या ओळीला धरून वरती लावा.

"सर्व निवडा" हा चौकोन ठेवणार असाल तर थोडं जपून. काही निवडलेत, काही नाहीत, अशा वेळी त्यात आडवी रेघ दाखवतात, ती 'इनडिटरमिनेट' अवस्था एचटीएमएलमध्ये लिहून येत नाही, जावास्क्रिप्टनेच लावावी लागते, आणि ती फक्त दिसण्यापुरती असते, सर्व्हरला त्यातलं काही जात नाही. मी तो शक्यतो ठेवतच नाही. दहा-बारा गट नंबर माणूस हाताने टिक करतो, त्याला माहीत असतं तो काय करतोय.

फॉर्म चालू करायच्या आधी मी आता माउस काढून ठेवतो, अक्षरशः वायर काढतो. टॅबने शेवटपर्यंत जातो, प्रत्येक चौकोनावर स्पेसने टिक लावतो आणि काढतो, एंटर मारत नाही कारण चेकबॉक्सवर एंटर मारलं तर बऱ्याच ब्राउझरमध्ये फॉर्मच सबमिट होतो. मग मोबाइलवर फक्त अंगठ्याने, फक्त अक्षरांवर दाबत. मग टॉकबॅक लावून डोळे मिटून, हे पहिल्यांदा जड जातं, बोट फिरवायचं, ऐकायचं, दोनदा टॅप करायचं, पण दुसऱ्या-तिसऱ्या फॉर्मला सवय होते. मग पेज २०० टक्के मोठं करून, आणि शेवटी गच्चीवर, दुपारी. सगळं मिळून पाऊण तास जातो.

होस्टेलचा तो फॉर्म माझा नव्हता, पण ज्यांनी बनवला होता त्यांना मी फोन करून सांगितलं, स्क्रीन रीडरचं रेकॉर्डिंग पाठवलं, दोन महिन्यांनी त्यांनी खरा चेकबॉक्स बसवला. त्या मुलाने पुढच्या वर्षीचा फॉर्म जळगावहून स्वतः भरला, मला फक्त मेसेज केला, "सर, एक्स दाबलं, सापडला."

केळीचा फॉर्म मात्र माझाच होता. तो मी पूर्ण नव्याने लिहिला, आणि अडावदचे काका ऑगस्टमध्ये केंद्रात आले तेव्हा त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी चष्मा वर केला, गट नंबर वाचला, नेहमीसारखं त्या आकड्यावरच बोट ठेवलं, बाजूच्या चौकोनात टिक उमटली. खालच्या गटावर ठेवलं, तिथे उमटली. तिसरा पडीक होता, तो सोडून दिला. मग फोन माझ्याकडे न देता विचारलं, "आते फोटू कोठे टाकू?"